पत्र्यांच्या आड काय चाललंय? चालू पार्कात नवा रोलर कोस्टर कसा उभा राहतो

मामीच्या पंचाहत्तरीला आम्ही सगळे मानपाड्याला जमलो होतो. जेवणं झाली, पानं उचलली गेली आणि माझ्या मामेभावानं, दादानं, मनात साचलेलं एकदाचं बाहेर काढलं. मागच्या वर्षी तो मामीला आणि मुलांना घेऊन युरोपात गेला होता. एक अख्खा दिवस तिकडच्या एका मोठ्या थीम पार्कसाठी राखून ठेवलेला. आत शिरले तर पार्कचा एक कोपरा पत्र्यांनी बंद, आतून ड्रिलचा आवाज, शेजारच्या तीन राइड बंद. मामी जिच्यासाठी आली होती ती पार्कला फेरी मारणारी छोटी आगगाडीही बंद. पत्र्यांवर येणाऱ्या रोलर कोस्टरचं मोठं रंगीत चित्र.

"तिकीट मात्र पूर्ण घेतलं," दादा म्हणाला. "आम्ही काय त्यांचं बांधकाम बघायला गेलो होतो?"

"मोठे मामा, मी असते तर तासभर त्या पत्र्यांपाशीच उभी राहिले असते," माझी भाची म्हणाली. ती एकोणीस वर्षांची आहे. खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कातल्या नायट्रो या कोस्टरवर किती वेळा बसली याचा हिशेब ती वहीत ठेवते. जगात कुठेही कोस्टरचा पाया खणला जात असला की तिला माहीत असतं. "नवा कोस्टर हवा असेल तर एखाद-दोन वर्षं सोसायला नको?"

मग जो वाद सुरू झाला तो चहा होऊन गेला तरी थांबला नाही. कोस्टरप्रेमींमध्ये हा वाद जगभर चालतो आणि तो नेहमी याच दोन वाक्यांभोवती फिरत राहतो. शेवटी दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी बावीस वर्षं पायाभरणीचं काम करतोय. ठाणे-कळव्यापासून उरणपर्यंत किती खड्डे खणले त्याची मोजदाद नाही, आणि रोलर कोस्टरचं वेड मला भाचीच्याही आधीपासून आहे. त्या दिवशी जे तुकड्या-तुकड्यानं सांगितलं ते इथे नीट लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो: बांधकामाला जितका वेळ लागतो तो बहुतेक वेळा खरोखरच लागतो. तरीही दादाचा राग रास्त होता. तो कशासाठी, ते पुढे येईल.

सुरुवात जमिनीपासून करू.

इमारतीचं काम आपण सगळ्यांनी पाहिलंय. एक प्लॉट, चारी बाजूंनी पत्रे, मध्ये खड्डा. रोलर कोस्टरची गोष्ट घोडबंदर रोडवरच्या मेट्रो ४ च्या कामाशी जास्त जुळते. कापूरबावडीपासून कासारवडवलीपर्यंत एकेक खांब केवढी जागा व्यापतो? फार नाही. पण तो खांब उभा करायला अख्खी लेन जाते, आणि खांबाच्या पुढे खांब असल्यामुळे रस्ताभर लेन जाते. कोस्टरचा रूळ असाच खांबांवर उभा असतो आणि प्रत्येक खांबाखाली वेगळा पाया असतो. मोठ्या कोस्टरला असे खड्डे सहज शंभराच्या घरात जातात, तेही वेड्यावाकड्या रांगेत. दोन खड्ड्यांमधली जमीन बाहेरून रिकामी दिसते. लोक विचारतात, ही जागा तरी चालायला का सोडत नाहीत? तिथूनच मिक्सर यायचा असतो, सळयांचे बांधलेले पिंजरे उतरायचे असतात, पुढे क्रेनला उभं राहायला कडक जमीन लागणार असते.

हे पाये इतके मोठे का लागतात, हे समजलं की अर्धा वाद मिटतो. इमारत एकाच जागी बसलेली असते आणि तिचं वजन सरळ खाली जातं. वारा आणि भूकंप सोडले तर तिला बाजूनं ढकलणारं फारसं कोणी नसतं. कोस्टरची गाडी मात्र रुळांना सतत मारत-ओढत जाते. भरलेल्या गाडीचं वजन १० टन धरू. उतार संपून गाडी पुन्हा वर वळते त्या तळाच्या जागी प्रवाशाला ४ जी जाणवतात, म्हणजे त्याला स्वतःचं वजन चौपट झाल्यासारखं वाटतं. त्या क्षणी रुळावरचा भार १० टनांचा राहत नाही, ४० टनांचा होतो. पुढच्याच टेकाडावर आपण सीटवरून उचलले जातो, पोटात गोळा येतो, आणि गाडी रुळांना खाली दाबायच्या ऐवजी वर ओढू बघते. तिरक्या वळणावर तोच जोर आडवा पडतो. दर दोन मिनिटांनी एक गाडी आणि आठ तासांचा दिवस धरला तर प्रत्येक खांबाला हा हिसका दिवसाला २४० वेळा बसतो. एका जोरदार धक्क्यानं न मोडणारं लोखंड लाखो लहान हिसक्यांनी थकतं आणि त्याला बारीक चिरा जातात. म्हणून पाया नुसता वजन पेलणारा चालत नाही. तो उपटला जाऊ नये, कलंडू नये, वर्षानुवर्षांच्या थरथरीनं सैल पडू नये, या सगळ्याचा हिशेब करून तो ओततात.

त्यात पुन्हा अचूकपणा आला. खांब ज्या बोल्टांवर बसणार ते जाडजूड बोल्ट काँक्रीट ओतण्याआधीच साच्यात धरून ठेवतात. रूळ परदेशातल्या कारखान्यात आधीच वाकवून तयार झालेला असतो, त्याला जागेवर ओढून-ताणून बसवता येत नाही. पहिल्या पन्नास पायांत थोडी-थोडी चूक जमत गेली तर शेवटचा तुकडा जुळणारच नाही. त्यामुळे सर्व्हेवाला टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजायचं यंत्र, लावून प्रत्येक बोल्टाची जागा मिलिमीटरमध्ये तपासतो, आणि त्यानं मान हलवल्याशिवाय मी ओतायला परवानगी देत नाही. ओतल्यावर पाणी मारत थांबायचं. काँक्रीट पहिल्या आठवड्यात साधारण दोन तृतीयांश ताकद पकडतं. पूर्ण ताकदीचा हिशेब २८ दिवसांचा असतो.

भाची म्हणाली, "मामा, म्हणूनच व्हिडिओत सहा-सहा महिने काही घडताना दिसत नाही आणि मग महिन्याभरात अख्खा कोस्टर उभा राहतो?" अगदी तसंच. पार्कात येणाऱ्याला सगळ्यात रटाळ वाटणारा काळ हाच सगळ्यात महत्त्वाचा असतो. वरचं लोखंड बोल्टांनी जोडायचं असतं, ते भराभर चढतं. जमिनीत गेलेले महिने कुणाला दिसत नाहीत.

जुन्या पार्कात आणखी एक अडचण असते आणि ती मी स्वतः अनुभवली आहे. ठाण्यातल्या एका जुन्या आवारात पाइलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खोलवर काँक्रीटचे खांब उतरवायचं काम, करत होतो. नकाशावर कोरी जमीन, आणि दोन मीटरवर पाण्याची चालू लाइन निघाली. कुणी, कधी टाकली, कागदावर काहीच नाही. तीन आठवडे गेले. तीस-चाळीस वर्षं चाललेल्या पार्कच्या पोटात अशा लाइनी, केबली, गटारं, बुजवलेली तळी आणि मोडलेल्या राइडचे जुने पाये असतात. नव्या आराखड्यातला एक खांब नेमका तिथे आला की आराखडाच बदलावा लागतो. शेजारची राइड बंद ठेवण्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. तिची वीज किंवा पाणी त्याच खड्ड्यातून गेलेलं असतं.

खोदाईचा विषय निघालाय तर इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्स पार्कातल्या नेमेसिसबद्दल सांगायलाच हवं. तो माझा सगळ्यात लाडका कोस्टर, अजून प्रत्यक्ष पाहिलेला नसला तरी. तिथे झाडांच्या शेंड्यांच्या वर काही दिसता कामा नये असं बंधन होतं. मग इतका वेग आणायचा कुठून? कोस्टरच्या गाडीला साधारणपणे इंजिन नसतं. साखळी तिला वर नेते आणि पुढचं सगळं उतार करतो. वेग किती मिळणार हे गाडी किती मीटर खाली येते यावर ठरतं. ती जमिनीपासून किती उंच होती याला महत्त्व नाही. म्हणून १९९४ मध्ये सुरू झालेल्या नेमेसिससाठी खडक सुरुंगानं फोडून दऱ्या केल्या आणि रूळ त्या दऱ्यांत उतरवला. त्याची उंची अवघी १३ मीटर, म्हणजे आपल्या चार मजल्यांएवढी, पण उतार जवळजवळ ३२ मीटरचा. कागदावर ३२ मीटरच्या उताराला ताशी ९० किलोमीटर वेग येतो. प्रत्यक्षात नेमेसिस ८१ पर्यंत जातो, उरलेला वेग चाकांच्या घर्षणात आणि वाऱ्यात जातो. बाहेरून डोळ्यांना न खुपणारा कोस्टर हवा असेल तर आत जास्त खणावं लागतं. शेजाऱ्यांचं समाधान आणि पार्कात आलेल्यांचा त्रास इथे एकमेकांच्या विरुद्ध जातात, आणि वाद घालताना हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

आपल्याकडे येऊरच्या पायथ्याशी असं खोदायचं तर मुरुमाखाली काळा बेसाल्ट लागेल, म्हणजे ब्रेकरचा खडखडाट. खाडीच्या बाजूला, नवी मुंबईत, उलट. तिथे चिखलमातीत खड्ड्याच्या कडा ढासळतात आणि खडक लागेपर्यंत पाइल खाली न्यावे लागतात. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं ठाण्याकडचं तोंड टिकुजिनीवाडीजवळ आहे, त्यामुळे मानपाड्याच्या लोकांना जमिनीखालचं काम म्हणजे काय हे मी सांगायला नको.

क्रेनचा हात

रूळ येतो तो तुकड्यांत. प्रत्येक तुकड्याचा बाक वेगळा, प्रत्येकाला नंबर. नायट्रो बनवणारी स्विस कंपनी बॉलिगर अँड मॅबिलार्ड आपले रूळ बरीच वर्षं अमेरिकेतल्या ओहायोतल्या एका कारखान्यातून घडवून घेते. तिथून ते जहाजानं, ट्रेलरवर, असे पार्कात येतात आणि मोकळ्या मैदानात ओळीनं मांडून ठेवतात. ते मैदान बहुतेक वेळा पार्किंगचं असतं. दादानं गाडी एवढी लांब का लावावी लागली असं विचारलं होतं, त्याचं हे एक संभाव्य उत्तर.

पत्रे कामाच्या जागेपेक्षा खूप बाहेर का असतात याचं उत्तर वर बघितलं की मिळतं. क्रेन जिथपर्यंत फिरू शकते तिथपर्यंत खाली माणूस असता कामा नये. पाच टनांचा रूळ हवेत असताना एक बोल्ट निसटला तरी काय होईल, हे साइटवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यामुळे बरीच उचल पहाटे, पार्कचं गेट उघडण्याआधी उरकतात. वारा सुटला की क्रेन थांबते. इंग्लंडच्याच थॉर्प पार्कात २०२४ मध्ये सुरू झालेला हायपेरिया ७२ मीटर उंच आहे, साधारण चोवीस मजले. तेवढ्या उंचीवर खाली न जाणवणारा वाराही रूळ हलवतो. तो शेवटचा उंच तुकडा बसताना पाहायला लोक कुंपणाबाहेर तासन्‌तास थांबतात, ते मला पूर्ण समजतं.

सोसणारा एक, बसणारा दुसरा

आता मी ज्यावर सगळ्यात जास्त बोललो त्या मुद्द्याकडे येतो. भाचीचं म्हणणं होतं, आज सोसा, उद्या मजा तुमचीच. बरोबर आहे, पण उद्या बसणारी ती आहे. मामी नाही.

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंग्डम पार्कात १९७१ पासून, म्हणजे पार्क उघडलं त्या दिवसापासून, एक वाफेची आगगाडी फिरते. तिची इंजिनं एके काळी मेक्सिकोच्या युकातान भागात खरोखरची मालवाहतूक करत होती. ती दुरुस्त करून पार्कात आणली. साधारण अडीच किलोमीटरची फेरी. हातात लहान मूल असलेले, गुडघे दुखणारे, उन्हानं दमलेले लोक तिच्यात बसतात. २०१७ च्या जुलैमध्ये ट्रॉन नावाच्या नव्या कोस्टरची घोषणा झाली आणि आगगाडीचा मार्ग नेमका त्या जागेतून जात होता. २०१८ च्या डिसेंबरमध्ये गाडी थांबली. मध्ये कोविड आला, काम रेंगाळलं. गाडी पुन्हा धावली ती २०२२ च्या डिसेंबरमध्ये, आणि कोस्टर लोकांसाठी उघडला २०२३ च्या एप्रिलमध्ये. चार वर्षं एका कोस्टरसाठी आगगाडी बंद. ट्रॉनवर बसायला किमान उंची १२२ सेंटिमीटर लागते. म्हणजे गाडीत रमणारं चार वर्षांचं पोर त्या कोस्टरवर बसू शकत नाही, आणि मामीच्या वयाची बहुतेक माणसं बसणार नाहीत. ज्यांचं गेलं आणि ज्यांना मिळालं ती माणसं वेगळी होती.

हाच कोस्टर आधी शांघायच्या डिस्नेलँडमध्ये उभा राहिला. २०१६ मध्ये ते पार्क उघडलं तेव्हा तो पहिल्या दिवसापासून तयार होता. त्याच्या बांधकामानं एकाही पाहुण्याचा दिवस बिघडला नाही, कारण तेव्हा पाहुणेच नव्हते. खोपोलीजवळचं इमॅजिकाही २०१३ मध्ये सुरू झालं आणि सुमारे ४० मीटर उंचीचा नायट्रो त्याच वर्षीचा. आपल्या लोकांनी कोस्टर पाहिला तो असा, आयता उभा असलेला. गजबजलेल्या पार्कात भर घालताना काय होतं हे आपण फारसं अनुभवलेलं नाही, म्हणून दादाला तो धक्का जास्त बसला असावा.

कधी कधी लाडकी जुनी राइडच नव्याची किंमत म्हणून जाते. अमेरिकेत सीडर पॉइंट पार्कातला मीन स्ट्रीक हा लाकडी कोस्टर २०१६ च्या सप्टेंबरमध्ये बंद झाला. त्याच्याच लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ चढवून २०१८ च्या मेमध्ये स्टील व्हेंजन्स उघडला. आज तो भल्याभल्यांच्या आवडत्या यादीत असतो, आणि मधला एक पूर्ण हंगाम ती जागा नुसती बंद होती. नेमेसिसचंही तेच झालं. जुने रूळ काढून नवे बसवायला तो २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये बंद केला, २०२४ च्या मार्चमध्ये परत आला. माझ्या मते हे दोन्ही निर्णय चांगले होते. थकलेलं लोखंड वेळेवर बदलणाऱ्या माणसाला मी कधीच नावं ठेवणार नाही.

कुंपणाबाहेरचे

पार्कच्या भिंतीला लागून ज्यांची घरं आहेत त्यांच्यापुढे आपली सुट्टी बिघडली ही तक्रार लहान वाटते. जर्मनीत कोलोनजवळ ब्रूल गावात फँटासियालँड पार्क आहे. चहूबाजूंनी वस्ती, वाढायला जागा नाही, उंचीवर आणि आवाजावर बंधनं. तिथे २०१६ मध्ये तारोन उघडला. ताशी ११७ किलोमीटर वेगाचा हा कोस्टर चुंबकी मोटरींनी ढकलला जातो आणि खोट्या बेसाल्टच्या कड्यांमध्ये दडवलाय. सह्याद्रीत राहणाऱ्या माणसाला ते कडे बघून आपलंसं वाटतं. त्याच वर्षी तिथली एक जुनी राइड बंद करून त्या जागी एफएलवाय नावाचा उडता कोस्टर बांधायला घेतला, तो उघडला २०२० च्या सप्टेंबरमध्ये. इतकी वर्षं लागली, कारण आखूड जागेत कोस्टर, हॉटेल आणि आवाज अडवणाऱ्या भिंती एकमेकांत गुंफायच्या होत्या.

आवाजाचं गणित नीट समजून घ्यायला हवं, कारण डेसिबलचे आकडे फसवे असतात. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. ब्रेकरचा आवाज दहा मीटरवर ९० डेसिबल धरला, तर वीस मीटरवर ८४, चाळीसवर ७८, ऐंशीवर ७२, एकशे साठवर ६६ आणि तीनशे वीस मीटरवर ६०. आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. म्हणजे तीनशे मीटर दूरच्या बाल्कनीतही तो आवाज मर्यादेच्या वरच. पहाटे किंवा रात्री काम करून पार्कातल्या पाहुण्यांचा दिवस वाचवायचा तर शेजाऱ्यांची झोप जाते. मी स्वतः रात्री बारा वाजता काँक्रीट ओतलंय आणि समोरच्या खिडकीत कडेवर बाळ घेऊन उभी राहिलेली बाई पाहिलीय. तेव्हापासून रात्रपाळीचा विषय निघाला की माझं मत दिवसाच्या कामाकडे झुकतं, भले पत्रे चार महिने जास्त राहोत.

कोस्टर सुरू झाल्यावरचा आवाज मात्र कमी करता येतो. रुळाखालचा पोलादी पोकळ कणा ढोलासारखा घुमतो. त्यात वाळू भरली की घुमणं मरतं. वस्तीजवळच्या कोस्टरमध्ये ही युक्ती वापरतात. पण भरलेला रूळ जड होतो, पाये त्या हिशेबानं वाढवावे लागतात, आणि आपण पुन्हा खड्ड्यापाशी येतो.

आपला पाऊस

इंग्लंड-जर्मनीतली बरीच पार्कं हिवाळ्यात काही आठवडे किंवा महिने बंद असतात. नेमेसिसच्या तारखा बघा: नोव्हेंबरात बंद, मार्चमध्ये सुरू, काम मोठं म्हणून मधला एक हंगाम गेला तरी. हंगाम संपला की खणायचं, जमेल तर पुढचा हंगाम लागायच्या आत उरकायचं. फ्लोरिडात पार्कं बारा महिने उघडी, म्हणून तिकडे बांधकाम डोळ्यांसमोर येतंच.

आपल्याकडे वेगळाच पेच आहे. पार्कला गर्दी कधी? एप्रिल-मेची सुट्टी, दिवाळी, नाताळ, डिसेंबर-जानेवारीच्या शाळांच्या सहली. शांत काळ म्हणजे पावसाळा. आणि पाया खणायला सगळ्यात वाईट काळही तोच. ठाण्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. रात्री पंप बंद पडला की सकाळी खड्ड्याची विहीर झालेली असते, कडा आत बसलेल्या, बांधलेल्या सळया चिखलानं माखलेल्या. ओल्या हवेत वेल्डिंग आणि रंग दोन्ही बिघडतात. विजा चमकायला लागल्या की क्रेन खाली. म्हणजे जो काळ पाहुण्यांना सोयीचा तो बांधणाऱ्याला जमत नाही, आणि बांधणाऱ्याला सोयीचा तो नेमका गर्दीचा.

कोकणपट्टीतल्या एखाद्या पार्कनं मला विचारलं तर मी म्हणेन, पाये दसऱ्यानंतर घ्या आणि जानेवारीअखेर जमिनीच्या वर या. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोखंड चढवा. मेच्या सुट्टीत आवाजाचं काम पूर्ण थांबवा, लोकांना उभा कोस्टर नुसता बघू द्या. पावसाळ्यात चाचण्या घ्या. ओल्या रुळावर ब्रेक कसे लागतात हे तसंही तपासायचंच असतं. यात एक-दोन महिने वाढतील. माझ्या हिशेबानं ते वाढू द्यावेत.

उभा आहे, मग उघडत का नाही?

हा प्रश्न भाचीचाही होता. रूळ पूर्ण जुळला, गाड्या रिकाम्या फिरताना दिसतात आणि दार मात्र बंद. त्या गाड्या रिकाम्या नसतात. सीटवर पाणी भरलेले माणसाच्या आकाराचे पुतळे बसवलेले असतात, आणि सेन्सर प्रत्येक वळणावर किती जी लागतात ते टिपत असतात. थंड सकाळी वंगण घट्ट असतं, गाडी हळू जाते. दुपारी तीच गाडी वेगात येते. सगळ्या हवामानात ती कुठे अडकत नाही आणि ब्रेकवर नीट थांबते, हे शेकडो फेऱ्या घेऊन बघावं लागतं.

सगळ्यात जपून तपासतात ती गाड्यांमधलं अंतर राखणारी व्यवस्था. ठाण्याहून सुटलेली लोकल मुलुंडच्या अलीकडे सिग्नलला का थांबते? पुढच्या टप्प्यात आधीची गाडी अजून आहे म्हणून. कोस्टरचा रूळही अशा टप्प्यांत वाटलेला असतो आणि एका टप्प्यात एकच गाडी, हा नियम संगणक पाळतो. २ जून २०१५ रोजी ऑल्टन टॉवर्सच्या स्मायलर या कोस्टरवर पुढे एक रिकामी गाडी रुळावर अडकलेली होती. यंत्रणेनं मागची १६ प्रवाशांची गाडी बरोबर थांबवली होती. तो इशारा चुकीचा आहे असं समजून माणसांनी तो ओलांडला आणि गाडी पुढे सोडली. दोन तरुणींना पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी चालक कंपनीला न्यायालयानं ५० लाख पौंडांचा दंड केला. तेव्हापासून कुठलाही कोस्टर "अजून चाचणी चालू आहे" म्हणून बंद असला की माझ्या तोंडून तक्रारीचा शब्द निघत नाही. यंत्र तपासतातच, पण ते चालवणाऱ्या माणसांनाही याच दिवसांत घडवतात: थांबलेली गाडी पुन्हा कधी सोडायची, कुणाला विचारून सोडायची, आधी डोळ्यांनी काय बघायचं.

इतकं सगळं ऐकून दादा म्हणाला, "ठीक आहे. वेळ लागतो, जागा लागते, आवाज होतो. मग मी चिडू नको?"

मी म्हटलं, चिड, पण योग्य गोष्टीवर. पायाला २८ दिवस लागतात यावर चिडून उपयोग नाही. तिकीट विकताना आगगाडी बंद आहे हे ठळक सांगितलं नाही, यावर चीड. दादानं घरी परतल्यावर पार्कची वेबसाइट पुन्हा तपासली, तेव्हा ती सूचना तीन पानं आत कुठेतरी सापडली. पैसे भरायच्या पानावर ती असती तर त्यानं मामीला विचारून दुसरा दिवस, नाहीतर दुसरं गाव निवडलं असतं. एका कोस्टरसाठी पत्रे लावलेले असताना त्याच महिन्यात आणखी दोन राइड दुरुस्तीला घेणं, यावर चीड. तो नियोजनाचा निर्णय आहे, काँक्रीटचा नाही. पत्रे लावताना सावलीतली बाकं आणि शौचालयं आत गेली आणि बाहेर पर्याय उभा केला नाही, यावर तर नक्की चीड. उन्हात दमणाऱ्या माणसाला भूलथापा नकोत, बसायला जागा हवी. आणि बंद राइडच्या प्रमाणात तिकीट कमी करायला काहीच हरकत नसावी, निदान जे त्या नव्या कोस्टरवर कधी बसणार नाहीत त्यांच्यासाठी तरी.

भाचीनं तिची मागणी जोडली: पत्र्यांना जागोजागी जाळीची खिडकी. मुलांच्या उंचीवर एक, मोठ्यांच्या उंचीवर एक. आत आज काय काम चाललंय हे रोज बदलणाऱ्या फळीवर चार ओळींत. मला ही मागणी फार आवडली. आमच्या साइटवर पत्र्याला पडलेल्या भोकाला डोळा लावून उभी असलेली मुलं मी बावीस वर्षं बघतोय, आणि वॉचमन त्यांना हाकलतो तेव्हा दर वेळी वाईट वाटतं.

मामी इतका वेळ बडीशेप निवडत ऐकत होती. तिनं विचारलं, "ती गाडी आता सुरू झाली का रे?"

दादानं फोनवर बघितलं. सुरू झाली होती. कोस्टरही उघडला होता.

"मग पुढल्या वेळी हिला पण घेऊन चला," मामी भाचीकडे बघत म्हणाली. "ही वर बसेल. मी गाडीतून बघेन, ती त्याच्या खालून जाते ना?"

भाचीनं लगेच नकाशा उघडला आणि दोघी मिळून गाडीचा मार्ग बोटानं शोधायला लागल्या.